लोणारचे पाणी तपासले, लघवीचे काय?

जून 2020 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. फोटो देशभर फिरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, वन विभागाने बाटल्यांत पाणी भरले आणि नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे धाडले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे आघारकरच्या शास्त्रज्ञांनी सांगितले. हे सूक्ष्मजीव तळाशी बसल्यावर नमुन्यातले पाणी पुन्हा रंगहीन झाले, हेही त्यांनी दाखवून दिले.

त्यानंतर साडेचार वर्षांनी बुलढाणा जिल्हा पुन्हा बातम्यांत आला. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस भराभर गळू लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील उपचारांसाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासून घेतले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट वाढल्याचे त्यांनी सांगितले आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. कारणाबद्दलची चर्चा बाजूला ठेवली, तरी केस गळत असताना कोणाला तरी लघवी तपासावीशी वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

तेव्हा या जिल्ह्यात नमुने घेतले जात नाहीत, असे म्हणता येणार नाही. फक्त त्यासाठी आधी गाजावाजा व्हावा लागतो. एखाद्या म्हाताऱ्याची लघवी लाल झाली तर गाजावाजा होत नाही. तो स्वतःसुद्धा कोणाला सांगत नाही.

बुलढाण्याहून थोड्याच अंतरावर, पैनगंगेच्या काठी देऊळघाट हे मोठे गाव आहे. देऊळघाट काय किंवा त्याच्यासारखे घाटावरचे दुसरे कोणतेही गाव काय, लघवीत रक्त दिसल्यावर पुढे काय होते याचा क्रम जवळपास ठरलेला असतो. ऐन उन्हाळ्यात शेतातून आलेल्या साठीतल्या माणसाला लघवी तांबूस दिसते. दुखत काहीच नाही. घरात सांगितलेच तर उत्तर तयार असते: “उन्हातान्हाचं फिरता, उन्हाळी लागली असंल.” मग धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा, कोणी पानफुटीची पाने चावायला देते, कोणी कुळथाचे कढण करते. दोन दिवसांत लघवी स्वच्छ होते. औषध लागू पडले, असे सगळ्यांनाच वाटते.

नेमका इथेच घात होतो. मूत्राशयातली, म्हणजे लघवीच्या पिशवीतली गाठ सतत रक्त सोडत नाही. एक दिवस सोडते, मग आठवडाभर, कधी दोन-तीन महिने काहीच नाही. रक्त आपल्या वेळेला आपोआप थांबते आणि श्रेय धन्याच्या पाण्याला मिळते. धने-जिऱ्याने नुकसान काहीच होत नाही, उन्हाळ्यात ते प्यावेच. पण दुसऱ्यांदा रक्त दिसले की माणूस डॉक्टरकडे न जाता पुन्हा त्याच पेल्याकडे वळतो, कारण मागच्या वेळी गुण आला होता.

डॉक्टरकडे गेल्यावरही वाट सरळ नसते. पहिला संशय जंतुसंसर्गाचा. प्रतिजैविकांचा पाच दिवसांचा कोर्स, रक्त थांबले, विषय संपला. दुसरा संशय मुतखड्याचा आणि तो आपल्याकडे चुकीचाही नसतो. सोनोग्राफीत मूत्रपिंडात 4 मिलिमीटरचा खडा दिसतो आणि शोध तिथेच थांबतो. खडा आहे म्हणून गाठ नसेल, असा काही नियम नाही, पण मनाला एक कारण सापडले की दुसरे शोधवत नाही. पुरुष साठीच्या पुढचा असेल तर तिसरा संशय प्रोस्टेटवर जातो. बाईची गत आणखी वाईट. रक्त लघवीतून येते आहे की पाळीच्या वाटेने, हेच तिला नीट विचारले जात नाही. पाळी गेलेली असली तर गर्भाशयाची तपासणी होते, पाळी चालू असली तर तीही होत नाही. मूत्राशयाचा कॅन्सर पुरुषांत बायकांच्या तीन-चार पट आढळतो. पण बायकांमध्ये तो उशिरा सापडतो, ही तक्रार जगभरच्या तज्ज्ञांची आहे.

या कॅन्सरची जगातली मोजदाद पाहिली तर 2022 या एका वर्षात सुमारे 6 लाख 14 हजार नवे रुग्ण आणि 2 लाख 20 हजार मृत्यू नोंदले गेले. भारतात त्याचे प्रमाण युरोप-अमेरिकेच्या मानाने कमी आहे, म्हणून तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसारखी त्याची चर्चा होत नाही. कारणांत तंबाखू सर्वांत वर. धुरातली ॲरोमॅटिक अमाइन्स फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. लघवी पिशवीत तासन्‌तास साठून राहते आणि तेवढा वेळ पिशवीचे अस्तर त्या विषात भिजत असते. जर्मन शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी 1895 मध्ये फ्रँकफर्टच्या रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा कॅन्सर दाखवला होता. त्यामागचे रसायनांचे कुटुंब हेच. महाराष्ट्रात 2016-17 च्या सर्वेक्षणात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्केच निघाले. तंबाखू-खर्रा-मशेरी असे न जळणारे प्रकार वापरणारे मात्र 24.4 टक्के. आपल्याकडे मूत्राशयाचा कॅन्सर कमी आणि तोंडाचा जास्त का, याचे बरेचसे उत्तर या दोन आकड्यांत आहे. पण गावच्या पारावर बसून पन्नास वर्षे बिडी ओढलेल्या माणसाला सरासरीचा काही उपयोग नाही.

चांगली गोष्ट अशी, की चारपैकी तीन रुग्णांत निदानाच्या वेळी गाठ पिशवीच्या आतल्या अस्तरापुरती असते. स्नायूत शिरलेली नसते. अशी गाठ लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खरवडून काढता येते, पिशवी शाबूत राहते. स्नायूत शिरल्यावर मात्र बहुतेकदा पिशवीच काढावी लागते आणि पोटावर थैली लावून जगावे लागते. या दोन अवस्थांमधले अंतर कधी कधी धन्याच्या पाण्यावर काढलेल्या सहा महिन्यांइतकेच असते.

आता चाचण्यांकडे वळू. वृत्तपत्रांत वर्षातून दोन-तीनदा मथळा येतो: लघवीच्या एका थेंबात कॅन्सर कळणार. तो वाचून लोकांना वाटते, असे काही नुकतेच निघाले आहे. प्रत्यक्षात लघवीत कॅन्सर शोधण्याची आधुनिक पद्धत 1945 पासून आहे. गर्भाशयमुखाच्या ‘पॅप’ चाचणीमुळे ज्यांचे नाव घरोघरी गेले, त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांनीच व्हिक्टर मार्शल यांच्याबरोबर लघवीतल्या गाळाच्या काचपट्ट्या करून त्यात कॅन्सरच्या पेशी दाखवल्या. हीच ‘युरिन सायटॉलॉजी’. अजून ती चालू आहे, स्वस्त आहे, आणि तिने ‘आहे’ म्हटले तर ते सहसा खोटे ठरत नाही. दोष एवढाच, की मंद वाढणाऱ्या गाठींच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात, त्यामुळे त्या निसटतात. तिचे एक पथ्यही आहे. सकाळची पहिली लघवी तिला चालत नाही, कारण रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी कुजून विस्कटतात. त्यानंतरची ताजी लघवी हवी. मधुमेहासाठी पहाटेची बाटली घेऊन जाण्याची सवय लागलेला माणूस हटकून चुकीचा नमुना देतो आणि त्याला तसे कोणी सांगतही नाही.

सायटॉलॉजीतून निसटणाऱ्या गाठी पकडायच्या म्हणून 1990 च्या दशकापासून ‘मार्कर’ निघाले. त्यातला एनएमपी-22 हा पेशीच्या केंद्रकातल्या प्रथिनाचा शोध घेतो. लघवीचे चार थेंब टाकायचे, अर्ध्या-पाऊण तासात पट्टीवर रेघ दिसते. 2005 मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 1,331 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही सगळी माणसे रक्त जाणे, धूम्रपान अशा कारणांनी जोखमीतली होती. त्यांतल्या 79 जणांना कॅन्सर निघाला. एनएमपी-22 ने 44 पकडले, सायटॉलॉजीने 76 पैकी फक्त 12. ऐकायला हे फार छान वाटते. पण ज्यांना कॅन्सर नव्हता अशांपैकी शंभरात 14 जणांना एनएमपी-22 ने उगाच घाबरवले. सायटॉलॉजीने शंभरात एकालाही धड नाही.

बीटीए नावाच्या दुसऱ्या चाचणीचे दुखणे तर बुलढाण्यासाठी जास्तच बोचरे आहे. ती ज्या प्रथिनाचा माग काढते त्याच्याशी मिळतेजुळते प्रथिन रक्तातही असते. म्हणजे लघवीत रक्त कोणत्याही कारणाने उतरले, खड्याने का होईना, तरी चाचणी ‘आहे’ म्हणू शकते. ज्या भागात मुतखडा घरटी माहीत आहे, तिथे ही चाचणी सरसकट वापरली तर डॉक्टरांना खडा आणि कॅन्सर यांत फरक करता येण्याऐवजी गोंधळच वाढेल. अमेरिकेत किंवा जर्मनीत सिद्ध झालेली चाचणी जशीच्या तशी उचलून आपल्या जिल्ह्यात आणता येत नाही, याचे याहून सोपे उदाहरण शोधायची गरज नाही.

पुढच्या पिढीतल्या चाचण्या प्रथिने सोडून जनुकांकडे वळल्या. ‘युरोव्हिजन’ ही लघवीतल्या पेशींच्या 3, 7 आणि 17 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या जादा प्रती आणि 9 व्या गुणसूत्रावरचा गहाळ तुकडा चमकत्या रंगांनी दाखवते. न्यूझीलंडची ‘सीएक्सब्लॅडर’ आणि अमेरिकी ‘एक्सपर्ट ब्लॅडर’ प्रत्येकी पाच जनुकांचे आरएनए मोजतात. सर्वांत थक्क करणारी बातमी इराणमधून आली. तिथल्या गोलेस्तान प्रांतात 50 हजारांवर लोकांचे नमुने घेऊन वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला होता. पुढे ज्यांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला, त्यांतल्या 29 जणांची जुनी, गोठवून ठेवलेली लघवी 10 जनुकांच्या चाचणीने तपासली. 19 जणांच्या लघवीत खुणा सापडल्या, काहींच्या तर निदानाच्या 12 वर्षे आधीच्या नमुन्यात. 2023 मध्ये हे निष्कर्ष युरोपीय मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले. 29 हा आकडा लहान आहे, पण जे दिसले ते मोठे आहे.

रक्ताचे काय? प्रोस्टेटसाठी पीएसए आहे तशी मूत्राशयासाठी रक्ताची चाचणी आज कोणत्याही प्रयोगशाळेच्या काउंटरवर नाही. अस्तरावरची लहान गाठ रक्तात फारसे काही सोडत नाही. ती जे सोडते ते थेट लघवीत. रक्ताचे खरे काम पुढे सुरू होते. पिशवी काढल्यानंतर रुग्णाच्या रक्तात गाठीच्या डीएनएचे तुकडे फिरत आहेत का, हे आता मोजता येते. 2025 मध्ये जाहीर झालेल्या ‘आयएमव्हिगर 011’ या मोठ्या अभ्यासात असे तुकडे सापडलेल्यांपैकीच काहींना शस्त्रक्रियेनंतर इम्युनोथेरपी दिली. औषध मिळालेल्यांचे जगणे सरासरी 32.8 महिने भरले, न मिळालेल्यांचे 21.1 महिने. ज्यांच्या रक्तात तुकडे सापडले नाहीत, त्यांना महागडे औषध न देताही चालले. रक्ताच्या चाचणीचे हे खरे मोल. निदान झालेल्या माणसाला पुढे औषध द्यायचे की नाही, हे ती ठरवते.

म्हणूनच ‘एका सुईत पन्नास कॅन्सर’ अशा जाहिराती करणाऱ्या तपासणी पॅकेजांपासून गावच्या माणसाने चार हात लांब राहिलेले बरे. साधा हिशेब करून पाहू. समजा, 10 हजार धडधाकट माणसे तपासली आणि त्यांतल्या 10 जणांना हा कॅन्सर आहे. चाचणी चांगली आहे, दहातले आठ पकडते आणि निरोगी माणसांत शंभरातल्या दहांनाच चुकून ‘आहे’ म्हणते. तर ती एकूण 1,007 जणांना घाबरवेल आणि त्यांतले 999 निरोगी असतील. या हजार माणसांनी दुर्बिणीच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा अकोला गाठायचे, रोज बुडवायचा, बरोबर एक माणूस न्यायचा. उलट तीच चाचणी आधी गाठ काढलेल्या 100 रुग्णांवर वापरा, ज्यांतल्या समजा 30 जणांत गाठ परत उगवली आहे. चाचणी 31 जणांना ‘आहे’ म्हणेल, त्यांतले 24 खरे असतील. चाचणी तीच, यंत्र तेच, पण माणसे बदलली की ती कामाची होते. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवा गटाने 2011 मध्ये लक्षणे नसलेल्यांच्या सरसकट तपासणीसाठी पुरेसा पुरावा नसल्याचे म्हटले, ते याचसाठी.

मग देऊळघाटला काय हवे? पहिली गोष्ट इतकी स्वस्त आहे की तिला मार्कर म्हणायला कोणी तयार होणार नाही. लघवी तपासायची पट्टी. प्लॅस्टिकच्या काडीवर रंगीत चौकोन असतात, त्यातला एक रक्ताचा. काडी लघवीत बुडवून बाहेर काढायची, कडेने निथळू द्यायची आणि साधारण मिनिटभर थांबायचे. पिवळा चौकोन हिरवट झाला तर रक्त आहे. कधी कधी अख्खा चौकोन न बदलता त्यावर हिरवे ठिपके उमटतात, म्हणजे लाल पेशी अजून फुटलेल्या नाहीत. डोळ्यांना स्वच्छ पिवळी दिसणारी लघवीही या चौकोनाला हिरवी करू शकते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 1980 च्या दशकात पन्नाशीपुढच्या दीड हजारावर पुरुषांना अशा पट्ट्या घरी देऊन दोन आठवडे रोज तपासायला सांगितले होते. त्यांतून 21 जणांचा मूत्राशयाचा कॅन्सर सापडला, आणि पुढची कित्येक वर्षे त्या 21 पैकी कोणीही त्या कॅन्सरने दगावले नाही. तो अभ्यास चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला नव्हता, त्यामुळे त्यावरून गावभर पट्ट्या वाटा, असे म्हणता येत नाही. पण ज्याला रक्त दिसले आहे, ज्याने बिडी ओढली आहे, जो पन्नाशीपुढचा आहे, त्याच्या हातात पट्टी न देण्याला काय कारण?

पट्टी कुठे उपयोगी पडते आणि तिच्यानंतर काय करायचे, हेही सांगायला हवे. बीट खाल्ल्याने लघवी लाल दिसते, क्षयाच्या रिफॅम्पिसिनने नारिंगी. अशा वेळी पट्टी उपयोगी पडते, कारण ती रंगाकडे नाही, रक्ताकडे पाहते. पट्टीत रक्त आले तर सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी मोजायच्या. त्या आढळल्या आणि जंतुसंसर्ग नसला, तर पिशवी भरलेली असताना सोनोग्राफी, आणि पन्नाशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्याला सोनोग्राफी साफ आली तरी दुर्बीण. कारण सपाट गाठ सोनोग्राफीत दिसत नाही. राज्यात 2017 पासून ‘महालॅब’ची व्यवस्था आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने उचलून प्रयोगशाळेत नेले जातात आणि रुग्णाला पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणजे बाटली नेणारा माणूस आहे, गाडी आहे, अहवाल येण्याची सोय आहे. फक्त ‘लाल लघवी, दुखत नाही, वय पन्नासच्या पुढे’ असे म्हणणाऱ्याला पाच दिवसांच्या गोळ्या देऊन घरी धाडायचे नाही, एवढा आदेश कमी आहे.

असा आदेश गावात काम करतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरत आणि नोंद घेता घेता लोकांना लक्षणे समजावून सांगत: अमुक दिसले तर थांबू नका. त्यांच्या हातात कोणतेही यंत्र नव्हते. तरी काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आणि 1995 मध्ये हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले.

दुसरे उदाहरण त्याहून जुने आणि अधिक जवळचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारी माणसे होती. मुंबईचे डॉक्टर गाडगीळ आणि शहा यांनी त्यांच्या लघवीत शिस्टोसोमा या परजीवीची अंडी शोधली आणि 1952 मध्ये ते प्रसिद्ध केले. इजिप्तमध्ये हाच परजीवी मूत्राशयाच्या कॅन्सरचे मोठे कारण ठरलेला. भारतात तो आहे, हे तोपर्यंत सहसा मानले जात नव्हते. रोग्यांवर उपचार झाले आणि ते केंद्र विझले. तिथेही लाल लघवी आधीपासूनच होती. कोणी तरी ती बाटलीत घेतली, एवढेच नवे घडले.

आता राहिली ती जनुकांची महागडी चाचणी. ती देऊळघाटला नको, असे कोणी म्हणेल. पण ती कोणाला हवी, हे पाहिले तर उत्तर बदलते. अस्तरावरची गाठ काढल्यावर ती पुन्हा पुन्हा उगवते, हा या कॅन्सरचा स्वभाव आहे. म्हणून तीव्र प्रकारच्या रुग्णाला पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा दुर्बीण घालून घ्यावी लागते. घाटावरच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ पहाटेची एसटी, ओपीडीची रांग, लघवीच्या वाटेने घातलेली नळी, दोन दिवसांची जळजळ आणि बरोबर आलेल्या मुलाचा बुडालेला रोज. खर्चाची गंमत अशी, की महात्मा फुले योजना भरती होऊन केलेल्या शस्त्रक्रियेला धावून येते. भरती न होता नुसते तपासायला गेलेल्याच्या खिशाची तिला फारशी चिंता नाही. दोनदा गेल्यावर रुग्ण तिसऱ्यांदा जात नाही. गाठ मात्र थांबत नाही.

या माणसाला दर वेळी दुर्बिणीऐवजी मधून मधून लघवीची बाटली देऊन चालले तर? डेन्मार्कमध्ये नेमका हाच प्रयोग करण्यात आला: वर्षातून एकदा दुर्बीण आणि मधल्या फेऱ्यांना एक्सपर्ट ब्लॅडर चाचणी. अमेरिकी मूत्ररोग संघटनेनेही 2025 मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वे थोडी सैल केली. सूक्ष्म रक्तस्राव असलेल्या मध्यम जोखमीच्या ज्या रुग्णांना दुर्बीण टाळायची आहे, त्यांना सायटॉलॉजी किंवा पारखलेला मार्कर देता येईल, असे तिने म्हटले. दुर्बीण पुरती हद्दपार करायला कोणीही तयार नाही आणि तसे होऊही नये. पण मंद गाठी सुटल्या तरी तीव्र गाठी या चाचण्या बऱ्यापैकी पकडतात, आणि जीव घेतात त्या तीव्र गाठीच.

गंमत म्हणजे एक्सपर्ट ब्लॅडरचे कार्ट्रिज ज्या यंत्रात घालतात ते जीनएक्सपर्ट. क्षयरोग कार्यक्रमातले कर्मचारी त्याला ‘सीबीनॅट’ म्हणतात आणि देशातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत ते थुंकीतला क्षय शोधण्यासाठी बसवलेले आहे. काखेत कळसा म्हणतात तो हाच. क्षय आणि मूत्राशयाचा कॅन्सर यांचे नाते तसे जुनेच. क्षयाची बीसीजी लस पिशवीत सोडली तर गाठ परत येण्याला अटकाव होतो, हे कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये दाखवले. आज ती लस या कामासाठी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. थुंकीच्या जनुकीय चाचणीचे ‘ट्रूनॅट’ हे छोटे, बॅटरीवर चालणारे यंत्र गोव्यातल्या मोलबायोने बनवले आणि 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ज्यांनी क्षयाची चिप केली त्यांना लघवीतल्या चार-पाच जनुकांची चिप करता येणार नाही, असे मानायला जागा नाही. मागणी कोणी केलेली नाही, एवढेच.

ती मागणी बुलढाण्यातून व्हायला हरकत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाणा आहे. नवे महाविद्यालय म्हणजे सूक्ष्मदर्शक घेऊन बसणारे पॅथॉलॉजीचे शिक्षक आले, आज ना उद्या मूत्ररोगाचा विभाग आणि दुर्बीण येईल. त्याने सुरुवात साध्या कामापासून करावी: जिल्ह्यात गाठ काढलेल्या प्रत्येकाची यादी, आणि त्यांच्या लघवीच्या सायटॉलॉजीची सोय बुलढाण्यातच. मग आरोग्य विभागाकडून सीबीनॅटचे थोडे तास आणि काही शे कार्ट्रिज मागून घ्यावेत, आणि मुतखडेवाल्या या जिल्ह्यात ती चाचणी किती वेळा फसते ते आपल्याच माणसांवर मोजावे. डेन्मार्कचा आकडा डेन्मार्कला लागू. खडा, जंतुसंसर्ग आणि बिडी एकत्र असलेल्या माणसाच्या लघवीत ती पाच जनुके काय म्हणतात, हे बुलढाण्यातच कळेल. यादी करायला रजिस्टर आणि एक फोन पुरतो, त्यासाठी कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.